पुस्तकातले चार धडे : वसईच्या मिठागरापासून तारापूरपर्यंत

गळिताचा हंगाम आणि शाळेच्या सहलींचा हंगाम एकाच वेळी येतात. इकडे तोडीच्या तारखेसाठी गट कार्यालयात हेलपाटे चालू असतात, आणि तिकडे पोरगं सकाळी दारात उभं राहून म्हणतं, "आबा, सहलीचे पैसे भरायचेत." आबा पैसे देतात. कुठे चाललात, हे विचारतात. काय बघायला चाललात, हे मात्र फारसे कोणी विचारीत नाही.

या अंकात आम्ही सभासद बंधू-भगिनींपुढे एक सूचना ठेवीत आहोत. आठवी ते दहावीच्या मुलामुलींची एक सहल वसई-विरारच्या किनाऱ्यावर न्यावी, आणि तीही विज्ञानाची पुस्तके पिशवीत घालून.

वसईच का? असा प्रश्न साहजिक आहे. १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाणे जिल्ह्यातून वेगळा झालेला पालघर जिल्हा हा काही उसाचा मुलूख नव्हे. वसई म्हटले की आपल्याला चिमाजी आप्पांनी १७३९ साली घेतलेला किल्ला आठवतो, केळीच्या बागा आठवतात, फार तर सुकेळी आठवतात. पण पोर्तुगीज अमलात या पट्ट्यातील बागायतीत ऊसही होता. पुढे इंग्रजांच्या काळात, एकोणिसाव्या शतकात, मेजर लिटलवुड नावाच्या गृहस्थाने वसईच्या किल्ल्यातच साखरेचा कारखाना काढला होता. तो टिकला नाही. तेव्हा साखरेचे आणि वसईचे नाते अगदीच नाही असे नाही. मात्र आमचे कारण वेगळे आहे.

दहावीपर्यंत विज्ञान सर्वांना सक्तीचे आहे. त्यानंतर आपल्या गावांतून शास्त्र शाखेला जाणारी मुले थोडी. बाकीची कला, वाणिज्य किंवा आय.टी.आय. धरतात, शेतीत उतरतात, आणि पुष्कळशा मुलींची तर लग्नेच उरकली जातात. म्हणजे बहुसंख्य सभासदांच्या मुलांना आयुष्यात विज्ञानाचा जो काही शिधा मिळायचा, तो दहावीच्या परीक्षेबरोबर संपतो. त्या शिध्यावर पुढची चाळीस-पन्नास वर्षे रान करायचे, घर चालवायचे, दवाखाना ओळखायचा. हा शिधा पाठांतराच्या पोत्यात बांधून मार्च महिन्यात पेपरला रिकामा करून यायचे, हे आपल्याला परवडणारे नाही.

बालभारतीची २०१७ व २०१८ साली निघालेली पुस्तके आम्ही समोर घेऊन बसलो. त्यांत आठवीला 'अणूचे अंतरंग' आणि 'आरोग्य व रोग', नववीला 'कार्य आणि ऊर्जा', दहावीला अगदी पहिलाच धडा 'गुरुत्वाकर्षण'. हे चारही धडे वसईच्या मिठागरापासून तारापूरच्या अणुवीज केंद्रापर्यंत एका किनाऱ्यावर ओळीने मांडल्यासारखे आहेत. आणि नीट पाहिले तर चारही धडे आपल्या फडात नि कारखान्यातही रोज चालू आहेत. ते कसे, ते आता एकेक करून पाहू.

पहिला धडा : अणूचे अंतरंग

वसई, नायगाव, नालासोपारा या भागात खाडीच्या काठाने मिठागरांचा मोठा पट्टा होता. आता त्यातील पुष्कळ आगरे बंद पडली आहेत. जिथे आगर चालू असेल तिथे मुलांना न्यावे. उन्हाळ्याच्या बाजूला गेल्यास काम चांगले दिसते.

मिठागराची रीत सरळ आहे. उधाणाच्या भरतीचे पाणी उघाडीतून आत घ्यायचे, एका वाफ्यातून दुसऱ्या वाफ्यात फिरवायचे आणि ऊन-वाऱ्याने आटवायचे. समुद्राच्या पाण्यात साधारण साडेतीन टक्के क्षार असतात. पाणी आटत जाते, दाट होते, आणि एका ठराविक घट्टपणाला मिठाचा दाणा धरू लागतो. सभासद बंधूंना हे वाचताना काही ओळखीचे वाटते का? आपल्या कारखान्यात हेच होते. रस बाष्पीभवन संचातून आटवून सिरप करायचे, पॅनमध्ये आणखी आटवायचे, म्हणजे साखरेचा दाणा धरतो. आपला केमिस्ट रसाचा घट्टपणा ब्रिक्समध्ये मोजतो, मिठाचा माणूस खाऱ्या पाण्याचा घट्टपणा बोमे अंशात मोजतो. आपल्याकडे आटवायला बॉयलर आहे, त्यांच्याकडे सूर्य. फरक तेवढाच.

आता पुस्तक उघडावे. मीठ म्हणजे सोडियम आणि क्लोरीन. सोडियम असा धातू की पाण्यात टाकला तर पेट घेतो. क्लोरीन हा विषारी वायू. दोघे एकत्र आले की आपल्या भाकरीवर बसतात! अणूंची जोडी बदलली की वस्तूचा स्वभाव बदलतो, ही गोष्ट फळ्यावरच्या आकृतीपेक्षा चिमूटभर मिठाने लवकर पटते.

साखरेचे काय? साखरेच्या एका रेणूत कार्बनचे १२, हायड्रोजनचे २२ आणि ऑक्सिजनचे ११ अणू असतात. मुलांना वजनाचा हिशेब करायला सांगावा. ५० किलोच्या पोत्यात सुमारे २१ किलो कार्बन, पावणेसव्वीस किलो ऑक्सिजन आणि सव्वातीन किलो हायड्रोजन निघतो. खोटे वाटत असेल तर घरी पळीत चमचाभर साखर जाळून पाहावी. मागे काळे उरते, तो कार्बन.

हा कार्बन कुठून आला? रानातून नाही. तो हवेतल्या कर्बवायूतून उसाच्या पानाने उचलला. हायड्रोजन पाण्यातून आला. म्हणजे साखरेच्या रूपाने आपल्या रानातून जे जाते ते खरे पाहता हवा आणि पाणी. आता मुलाने बापाला एक प्रश्न विचारावा : "आबा, साखरेच्या दाण्यात नत्र किती?" उत्तर : शून्य. स्फुरद शून्य, पालाश शून्य. मग आपण युरिया, सुपर फॉस्फेट आणि पोटॅशची पोती ओततो ती जातात कुठे? त्यातले जे पिकाने उचलले ते पाचटात आहे, वाढ्यात आहे, खोडक्या-मुळांत आहे. जे उसाबरोबर कारखान्यात आले ते प्रेसमडमध्ये, मळीत आणि बगॅसच्या राखेत आहे. दाण्यात नाही.

हे एकदा मनात बसले की तोडीनंतर काडी ओढायला हात धजावत नाही. पाचट पेटविले की त्यातले नत्र नि गंधक बहुतांशी धुरावाटे जाते, सेंद्रिय कर्ब तर जातोच. स्फुरद-पालाश राखेत काही उरले तरी ते वाऱ्या-पाण्यावर. अणू नाहीसा होत नाही, जागा बदलतो, एवढेच पुस्तक सांगते. आपल्या रानातला अणू आपल्याच रानात ठेवायचा की शेजारच्या गावावरून धूर करून सोडायचा, हे आपण ठरवायचे. कृषी खात्याचे लोक पाचट कुजवा म्हणून घसा कोरडा करतात. त्यांच्या सांगण्यामागे आठवीचा धडा आहे.

दुसरा धडा : गुरुत्वाकर्षण

मिठागरात पाणी आले ते भरतीने. तेव्हा आता मुलांना वसईच्या पाचूबंदरावर किंवा विरारजवळच्या अर्नाळ्याला घेऊन जावे. सकाळी होड्या चिखलात बसलेल्या दिसतील, दुपारी त्याच पाण्यावर डुलताना दिसतील. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला या किनाऱ्यावर पाणी चार मीटरांहूनही अधिक चढते-उतरते. घाटावरच्या पोरांना हे नवलच.

हे पाणी ओढतो कोण? चंद्र, आणि काही अंशी सूर्य. पृथ्वीची जी बाजू चंद्राकडे असते तिथले पाणी जास्त ओढले जाते. पलीकडच्या बाजूचे पाणी सर्वांत कमी ओढले जाते म्हणून मागे राहते. म्हणून दोन्ही बाजूंना फुगवटा, आणि म्हणून दिवसातून दोनदा भरती. चंद्रही पुढे सरकत असल्यामुळे भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे जाते. कोकणच्या किनाऱ्यावर शाळा न शिकलेला माणूससुद्धा तिथीला पाऊणने गुणून भरतीची वेळ अंदाजाने सांगतो. चतुर्थीला चार गुणिले पाऊण, म्हणजे तीनच्या सुमारास. न्यूटनने आपला ग्रंथ १६८७ साली छापला. समुद्रावर पोट असलेल्या माणसाने मात्र आपले गणित बोटांवर बसविले होते. दोन्ही ज्ञानांची भेट घडवून आणणे हे खरे शिक्षण.

घाटावर समुद्र नाही, पण गुरुत्वाकर्षण आहेच. कारखान्यात क्लॅरिफायरमध्ये रसातला गाळ तळाला बसतो तो त्याच ओढीने. सेंट्रिफ्युगलमध्ये मळी दाण्यापासून लवकर सुटत नाही, म्हणून तिथे यंत्र गरगर फिरवून पृथ्वीच्या ओढीपेक्षा कितीतरी पट जोर लावावा लागतो.

आणि रस्त्यावर? ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या, त्यांवर उसाचा मनोरा, आणि वळणावर साईडपट्टीत एक चाक उतरले की सारे आडवे. आपल्या भागात असे अपघात होत नाहीत असा हंगाम नाही. कारण दहावीच्या मुलालाही काढता येते. भार जितका उंच रचला, तितका त्याचा गुरुत्वमध्य उंच जातो. गाडी कलली की त्या मध्यातून खाली सोडलेली ओळंब्याची रेघ चाकांच्या बाहेर पडते, आणि एकदा बाहेर पडली की मग ड्रायव्हर कितीही पट्टीचा असो, गाडी सावरत नाही. काड्यापेटी आडवी आणि उभी ठेवून फळी कलती करा, उभी पेटी आधी पडेल. एवढा प्रयोग मुलाने वाहतूकदार काकांना करून दाखवावा. दोन खेपांची बचत आणि एका माणसाचा जीव, यांत काय मोठे ते काकांना कळते.

आता वजनकाट्याविषयी. सभासदांच्या मनात काट्याबद्दल शंका असते, आणि ती चावडीवर बोलली जाते, काट्यापाशी बोलली जात नाही. पुस्तक सांगते की वस्तुमान वेगळे आणि वजन वेगळे. एक किलो वस्तुमानाला पृथ्वी सुमारे ९.८ न्यूटन बलाने ओढते. इलेक्ट्रॉनिक काट्याखालचा लोडसेल हे बल मोजतो. पोलाद सूतभरही नव्हे, इतके कमी दबते, त्याने विजेचा रोध बदलतो, आणि तो बदल आकड्यात दिसतो. तेव्हा काटा बरोबर की चूक हे भांडणाने ठरत नाही, माहीत असलेल्या वजनाने ठरते. प्रमाणित वजने ठेवून पाहावे, तीच भरलेली गाडी दोन काट्यांवर घालून पाहावी, आणि शंका राहिली तर वैधमापनशास्त्र विभागाकडे रीतसर जावे. हे आम्ही आपल्या कारखान्याच्या काट्यालाही लागू धरतो. ज्या घरातल्या पोराला हा धडा समजला, त्या घराला कोणी काट्यावर फसवू शकत नाही, आणि तो उगाच कोणावर आळही घेत नाही.

तिसरा धडा : आरोग्य व रोग

समुद्राची भरती आणि आभाळातला पाऊस एकाच वेळी आले की वसई-विरारची काय गत होते, हे जुलै २०१८ मध्ये साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी होते, गाड्या अडकल्या, आणि वसईच्या मिठागरांत राहणारी माणसे पाण्याने वेढली गेली. असे पाणी ओसरले की मागे ताप येतो. जुलै २००५ च्या मुंबईतल्या महापुरानंतर लेप्टोस्पायरोसिसची, म्हणजे बोलीतल्या 'लेप्टो'ची मोठी साथ आली होती.

हा रोग शहराच्या गटारातला, आपल्याला काय त्याचे, असे कोणी म्हणू नये. विरारहून याच किनाऱ्याने उत्तरेला गेले की वलसाड, नवसारी, सुरत हे जिल्हे लागतात. तो गुजरातचा सहकारी साखर कारखान्यांचा पट्टा. तिथे ऊस आणि भाताच्या रानात काम करणाऱ्यांना पावसाळ्यात लेप्टो होण्याचे प्रकार गेली कित्येक वर्षे घडत आहेत. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँडमध्ये तर १९३० नंतरच्या दशकात हा ऊस तोडणाऱ्यांचाच रोग म्हणून ओळखला गेला. उंदरांनी भरलेला फड हिरवा तोडायला कामगार तयार होईनात. "आधी फड जाळा, उंदीर घालवा, मग तोडू," अशी मागणी त्यांनी १९३४-३५ साली लावून धरली आणि त्यासाठी संपही केले. फड जाळून तोडण्याची चाल तिथे त्यातून बळावली. पुढे यंत्रतोड आल्यावर तिथल्या पुष्कळ भागांत पुन्हा हिरवी तोड सुरू झाली आणि पाचट रानातच पसरू लागले. तेव्हा कोणी या रोगाचे निमित्त करून काडी लावू नये, आज उपाय वेगळे आहेत.

या रोगाचा जंतू मळसूत्रासारखा पिळाचा. जपानमध्ये इनाडा आणि इडो या संशोधकांनी तो १९१५ साली शोधला. उंदीर, घूस, कुत्रे, डुक्कर आणि गुरे यांच्या मुतातून तो ओल्या मातीत नि साचल्या पाण्यात येतो आणि कातडीवरच्या ओरखड्यातून किंवा डोळ्या-तोंडावाटे माणसाच्या अंगात शिरतो. उसाच्या पात्याची धार आपल्याला नवी सांगायला नको. हातापायाला ओरखडे नाहीत असा ऊसकरी दाखवा! त्यात रात्रीची लाईट. रात्री दोन वाजता अनवाणी सरीत उतरून दारं धरायची, आणि बांधाला उंदरांची बिळे. जंतूला याहून चांगली वाट कोणती?

बहुतेकांना पाच ते चौदा दिवसांत त्रास सुरू होतो. एकदम थंडी-ताप, कपाळ फुटेल असे डोके दुखणे, पोटऱ्या इतक्या दुखणे की हात लावू देत नाही, आणि डोळे लाल. दुखणे वाढले तर कावीळ होते, लघवी कमी होते, थुंकीतून रक्त येते. लवकर ओळखला तर साध्या, जुन्या औषधांनी बरा होतो. उशीर झाला तर मूत्रपिंड आणि फुप्फुस जाते. म्हणून ताप आला की स्वतःच्या मनाने दुकानातल्या गोळ्या घेऊ नयेत. डॉक्टरांना आपण होऊन सांगावे, "मी पाण्यात, चिखलात काम केलंय." हे एक वाक्य न सांगितल्यामुळे साधा ताप म्हणून चार दिवस जातात, आणि तेच चार दिवस मोलाचे असतात.

'आरोग्य व रोग' या धड्यात रोग, तो कशाने होतो, कसा पसरतो, लक्षणे कोणती, उपाय काय, असा तक्ता आहे. शिक्षकांनी मुलांकडून तसाच आपल्या शिवाराचा तक्ता करून घ्यावा. त्यात लेप्टो असावा, डेंग्यू असावा, आणि गावात प्रत्यक्ष आढळणारे इतर आजार असावेत. तो तक्ता शाळेच्या भिंतीवर नको, दूध डेअरीत आणि सोसायटीत लावावा. गमबूट, हातमोजे, ओरखड्यांवर पट्टी, बांधावरच्या उंदरांचा बंदोबस्त, हे उपाय काही फार खर्चाचे नाहीत. आणि हे सारे घरच्यांपुरते नको. चिखलात उतरून आपला ऊस तोडतो तो टोळीतला माणूस. त्याची बायको आणि पोरेही त्याच फडात असतात. सहा महिने शाळा बुडविणाऱ्या त्या पोरांना हा धडा कोणी शिकवायचा? आम्हाला वाटते, ज्याच्या फडात ती उतरली त्याच्या घरातल्या आठवीतल्या मुलीने शिकवायला काही हरकत नाही.

चौथा धडा : कार्य आणि ऊर्जा

विरारहून डहाणूच्या गाडीने पुढे गेले की बोईसर लागते, आणि तिथून समुद्राकडे तारापूर. भारतातले पहिले अणुवीज केंद्र ते हेच. डॉ. होमी भाभांच्या पुढाकाराने याची आखणी झाली. १९६६ साली विमान अपघातात ते गेले, केंद्र पाहायला राहिले नाहीत. २८ ऑक्टोबर १९६९ रोजी केंद्राचे व्यापारी उत्पादन सुरू झाले, आणि १९ जानेवारी १९७० रोजी पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्या हस्ते ते राष्ट्राला अर्पण झाले. पहिले दोन संच अमेरिकन बनावटीचे होते. पुढे २००५ आणि २००६ साली प्रत्येकी ५४० मेगावॅटचे दोन संच भारतीय अभियंत्यांनी उभे केले. आत जाण्यास आधी रीतसर परवानगी घ्यावी लागते, म्हणून शाळांनी पत्रव्यवहार लवकर करावा. परवानगी न मिळाली तरी बाहेरून केंद्र पाहूनही धडा शिकविता येतो.

कारण आतली गोष्ट आपल्या ओळखीची आहे. पाणी तापवायचे, वाफ करायची, वाफेने टर्बाईन फिरवायचे, टर्बाईनने अल्टरनेटर. आपल्या कारखान्यात नेमके हेच चालते. भट्टी तेवढी वेगळी. आपण बगॅस जाळतो, म्हणजे कार्बनची ऑक्सिजनशी जोडी लावतो. त्यात अणू तसाच राहतो, फक्त जोडीदार बदलतो. तारापुरात युरेनियमच्या अणूचे केंद्रकच फुटते. एक किलो युरेनियम-२३५ पूर्णपणे फुटले तर जी उष्णता निघते, तेवढ्यासाठी आपल्या मिलमधून निघणारा ओला बगॅस आठ-दहा हजार टन जाळावा लागेल. म्हणजे कित्येक दिवसांच्या गाळपाचा ढीग एका बाजूला, आणि मुठीत मावेल एवढा धातू दुसऱ्या बाजूला.

ही ताकद ऐकून पोरे हरखतात. पण त्यांना दुसरी बाजूही सांगावी. बगॅसची राख रानात टाकता येते. युरेनियमची राख हजारो वर्षे किरणे टाकीत राहते, तिला माणसापासून दूर राखावे लागते. तिसऱ्या-चौथ्या संचासाठी पोफरण आणि अक्करपट्टी या गावांतील लोकांना घरदार सोडावे लागले, आणि त्यांच्या पुनर्वसनाचा वाद न्यायालयापर्यंत गेला. दिवा आपल्या घरात लागतो तेव्हा त्याची किंमत कोणीतरी कुठेतरी मोजीत असतो. धरणाखाली गावे गेलेल्या सभासदांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.

आता हाच धडा विहिरीवर आणू. विजेचे एक युनिट म्हणजे ३६ लाख ज्यूल. एक किलो वजन एक मीटर उचलायला ९.८ ज्यूल लागतात. मग १८ मीटर खोलीवरून एका युनिटात किती पाणी वर यावे? भागाकार केला तर सुमारे २० हजार लिटर. पंप आणि पाइप मिळून निम्मी ऊर्जा खातात असे धरले, तर १० हजार लिटर तरी यायला हवे. नववीच्या मुलाने वीज मीटरचे आकडे घ्यावेत, हौद किती वेळात भरतो ते पाहावे आणि आपला पंप किती वीज फुकट खातो ते बापाला सांगावे. इम्पेलर झिजला आहे, फूटव्हॉल्व गळतो आहे, की पाइप बारीक आहे, याचा शोध मग घेता येतो. परीक्षेत या उदाहरणाला दोन-तीन मार्क असतील. रानात त्याची किंमत दर महिन्याला आहे.

सभासदांनी काय करावे?

ग्रामीण शाळांत विज्ञान शिकविता येत नाही, प्रयोगशाळा नाही, अशी तक्रार नेहमी ऐकू येते. मुंबईत १९७४ साली सुरू झालेल्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राने आपल्या सुरुवातीच्याच वर्षांत जळगाव जिल्ह्यातील खिरोदा परिसरातल्या खेड्यांतील शाळांत जाऊन काम केले. खेड्यातले पोर विज्ञानात कच्चे असते, ही समजूत मनातून काढून टाकलेलीच बरी. ज्याने सकाळी बैलाचे जू बांधले, पाण्याचा पाट वळविला, त्याच्या हाताला बल आणि दाब आधीच माहीत असतो. नाव तेवढे माहीत नसते. नाव पुस्तक देते.

आमच्या सूचना तीनच आहेत.

एक, सहल ठरविताना शाळा समितीवरील सभासदांनी वसई-तारापूरचा विचार करावा. भरतीच्या वेळा पाहून दिवस ठरवावा. ज्यांना इतक्या लांब जाणे जमणार नाही, त्यांनी आपल्याच कारखान्यात मुले आणावीत. क्लॅरिफायर, पॅन, बॉयलर आणि वजनकाटा या चार ठिकाणी चारही धडे शिकविता येतात. मात्र मुले मिलच्या आणि पट्ट्यांच्या जवळ जाणार नाहीत, याची जबाबदारी मोठ्यांनी घ्यावी.

दोन, सहलीला मुलींना मागे ठेवू नये. "पोरीला कशाला एवढ्या लांब?" हे वाक्य आपल्या घरांत अजून ऐकू येते. घरातला ताप आधी ओळखायची वेळ पुष्कळदा तिच्यावरच येणार आहे.

तीन, आणि हे सर्वांत सोपे. रात्री जेवताना मुलाला विचारावे, "आज विज्ञानात काय झालं?" त्याने सांगितलेले सगळे आपल्याला कळेलच असे नाही. न कळले तर तसे म्हणावे, आणि आपल्या रानातले एखादे उदाहरण त्याला द्यावे. त्याला पुस्तक येते, आपल्याला रान येते. दोन्ही एका ताटात बसले तर पाचट जळणार नाही, ट्रॉली उलटणार नाही आणि ताप अंगावर काढला जाणार नाही.

कारखान्याने सभासदाच्या उसाला दर द्यावा, हे तर झालेच पाहिजे. पण सहकारी साखर कारखान्यांनी या महाराष्ट्रात गाळपाबरोबर शाळाही काढल्या, त्या केवळ इमारती उभ्या राहाव्यात म्हणून नव्हे. सभासदाचे पोर आपल्याच रानाकडे उघड्या डोळ्यांनी बघायला शिकावे, हा त्यामागचा हेतू. यंदाच्या सहलीचे पैसे देताना तेवढे ध्यानात ठेवावे, ही विनंती.